सेलूकर सरांची टिमकी

रंगनाथ सेलूकरांनी जन्मात कधी स्वतःची टिमकी वाजवली नाही, असं आमच्या गावात अजूनही आदराने सांगतात. खरं आहे. त्यांनी वाजवली नाही, कारण ती वाजवायला मी होतो. पंचवीसेक वर्षं मी ते काम केलं, बिनपगारी, आणि ते मी नीट केलं असं त्यांना एकदाही वाटलं नाही.

आम्ही दोघेही वेरूळ-अजिंठ्याचे गाइड. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. स्टेशनजवळच्या पर्यटन कचेरीच्या व्हरांड्यात सकाळी सगळे गाइड बाकांवर बसायचे, आणि परदेशी पाहुण्यांची बस लागली की ज्याची भाषा असेल त्याने उठायचं. मला इंग्रजी आणि पोटापुरतं फ्रेंच यायचं. सेलूकरांना फ्रेंच, जर्मन, इटालियन आणि स्पॅनिश. जर्मन तर असं, की बर्लिनची माणसं त्यांना विचारायची, आपण आमच्याकडे किती वर्षं होतात. ते कधी मनमाडच्या पुढे गेले नव्हते. संध्याकाळी त्याच व्हरांड्यात ते नव्या पोरांना भाषा शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना सर म्हणत. मीही म्हणत असे. माझं पोटापुरतं फ्रेंच त्यांच्याकडूनच आलेलं.

उंच, किडकिडीत माणूस. मे महिन्यातही शर्टाचं गळ्याचं बटण लावलेलं. बोलताना उजवा हात छातीवर, मान किंचित पुढे. हे सगळं निजामाच्या राज्यातून आलेलं होतं. वडील महसूल खात्यात पेशकार, घरात देवपूजा मराठीत आणि बाकी सगळा कारभार उर्दूत. सरांची शाळा उर्दू माध्यमाची. पोलीस अॅक्शन झाली तेव्हा ते मॅट्रिकच्या वर्गात होते. त्यानंतर राज्य बदललं, शाळेची भाषा बदलली, कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलल्या. सरांची अदब मात्र बदलली नाही. स्वतःचं चांगलं चौसोपी घर ते गरीबखाना म्हणायचे, आणि माझ्या पत्र्याच्या दोन खोल्यांना दौलतखाना. "आपल्या दौलतखान्यावर येऊन गेलो, आपण नव्हता," असं ते भर व्हरांड्यात म्हणाले की बाकीचे गाइड मला डोळे मिचकावत.

या माणसाला एक छंद होता. आम्ही दोघे बहुतेक एकाच मोठ्या बसवर असायचो, आणि वेरूळहून परतताना पाहुणे दमलेले असायचे. कुणी डोळे मिटून बसलेलं, कुणी दौलताबादचा किल्ला दिसतो का बघत असलेलं. अशा वेळी सर बसच्या पुढच्या दांड्याला धरून उभे राहत आणि विचारत, "जो माणूस स्वतःची फुशारकी मारतो, त्याला तुमच्या भाषेत काय म्हणतात? आणि जो मारत नाही, त्याला?"

दमलेली माणसंही या प्रश्नावर उठून बसायची, हे कबूल केलं पाहिजे. एक डच बाई म्हणाली, आमच्याकडे त्याला ओपस्खेपर म्हणतात, म्हणजे पळीने वाढून घेणारा. सर केवढे खूश झाले. पंगतीत वाढप्याच्या हातातली पळी घेऊन स्वतःच्याच पानात बासुंदी ओतणारा माणूस त्यांना लख्ख दिसला. इटालियन लोकांचा शब्द मिलांतातोरे, तो हजार या आकड्यावरून आलेला. घरात एक गाय असली की बाहेर हजार सांगणारा. पोलंडचा एक इंजिनियर म्हणाला, आम्ही ख्वालिप्येंता म्हणतो. त्यात स्तुती आहे आणि पायाची टाच आहे, पण टाच तिथं कशाला आली ते आम्हालाही ठाऊक नाही. त्या टाचेने सरांना पुढे महिनाभर छळलं आणि त्यांनी मला.

"देशमुख, टाच का असेल हो?"

"सर, मला काय माहीत? मी गंगापूरचा."

नम्र माणसासाठी मात्र शब्द मागितला की बस गप्प व्हायची. मग कुणीतरी एखादा, जपून, सांगायचं. जर्मनांचा बेशाइडन, म्हणजे वाट्याला आलं तेवढ्यात समाधानी. एका फिनलंडच्या म्हाताऱ्याने वातिमातोन सांगितला, म्हणजे ज्याची काही मागणी नाही असा. हा शब्द सरांनी इतक्यांदा घोळवला की आमच्या ड्रायव्हरलाही पाठ झाला. त्यांचं म्हणणं असं, की सबंध युरोपात बढाईखोराला ढीगभर शब्द आहेत आणि नम्र माणसाला मोजके. आपल्याकडेही तेच. टेंभा, तोरा, शेखी, बढाई, फुशारकी, आणि दुसऱ्या बाजूला काय, तर विनयशील, जो शब्द फक्त मृत्युलेखात वापरतात. "उर्दूत बघा," ते म्हणायचे, "माणूस स्वतःला खाकसार म्हणतो. मी म्हणजे माती. असा शब्द एकाही गोऱ्याकडे नाही."

हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जो अभिमान असायचा, तो कुठल्या शब्दात बसवायचा हे त्यांनी कधी कुणाला विचारलं नाही.

आता माझं काम सांगतो. एखादी फ्रेंच बाई म्हणायची, "मस्यू, तुमचं फ्रेंच फार सुंदर आहे." सर छातीवर हात ठेवून म्हणायचे, "छे, छे, अगदी मोडकंतोडकं." आणि लगेच डोळ्याच्या कोपऱ्यातून माझ्याकडे बघायचे. म्हणजे मी पुढे होऊन सांगायचं, की बाई, सर विनय करतायत, त्यांच्यासारखं फ्रेंच इकडे कुणाला येत नाही. मग सर "देशमुख, काय हे" असं म्हणत मान खाली घालायचे. मला जरा उशीर झाला तर ते खोकायचे. दुसऱ्यांदा खोकले म्हणजे राग आलेला आहे. हे आम्ही कधी ठरवलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात एकदा मी आपणहून बोललो, आणि ते कायमचं माझ्या गळ्यात पडलं.

एकदा माझं डोकं दुखत होतं. सर म्हणाले, "माझं इटालियन म्हणजे नुसतं वेळ मारून नेणं." मी म्हणालो, "होय, जरा तसंच आहे." सर आठ-दहा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. व्हरांड्यात बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसायचे आणि चहा आला की माझ्याकडे न बघता कप पुढे सरकवायचे.

सत्कार-समारंभात तर जीव नकोसा व्हायचा. सर जाऊन शेवटच्या रांगेत बसणार. संयोजकांनी येऊन, हाताला धरून, तीनदा विनंती करून त्यांना पुढे न्यायचं. पहिल्या दोन विनंत्यांना नकार ठरलेला. एका समारंभात संयोजक नवखा होता. त्याने एकदाच विचारलं, सर नाही म्हणाले, आणि तो बिचारा "बरं" म्हणून निघून गेला. सर चहाच्या आधी उठून घरी गेले. पुढे वर्षभर त्या संस्थेचं नाव निघालं की ते खिडकीबाहेर बघत.

माझ्या घरी जेवायला आले तेव्हाही तेच झालं. माझी बायको कुसुम खेड्यातली, सरळ. सरांनी एक भाकरी खाल्ल्यावर ताटावर हात आडवा धरला आणि म्हणाले, "वहिनी, पुरे." कुसुमने टोपली उचलली आणि आत गेली. सर हात तसाच धरून बसले. ते गेल्यावर मी तिला म्हणालो, अगं, आग्रह करायचा असतो. ती म्हणाली, "त्यांनी पुरं म्हणलं, मंग मी काय करू? भूक असंल तर सांगावं माणसानं. तोंड दिलंय की देवानं."

मला तेव्हा वाटलं, हे कुसुमने त्यांच्या तोंडावर सांगायला हवं होतं.

सरांना एकच मुलगी, वर्षा. ती लहानपणापासून संध्याकाळी त्या व्हरांड्याच्या पायरीवर बसून बापाची शिकवणी ऐकायची. बाकीची पोरं वही उघडून शब्द पाठ करायची, ही नुसती ऐकायची. कॉलेज संपेपर्यंत तिचं जर्मन असं झालं, की सर एखाद्या वाक्यापाशी अडले तर ती स्वयंपाकघरातून पुढचं वाक्य सांगायची. बापासारखी मान पुढे घालून बोलत नसे. चांगलं खणखणीत बोलायची. तिला गाइड व्हायचं होतं. वेरूळला तोवर बाई गाइड नव्हती. सरांच्या बायकोला हे पटलं नव्हतं, आणि नांदेडचं एक स्थळ सांगून आलं होतं. मुलगा चांगला होता, पण सून घरात राहणारी हवी अशी त्यांची अट होती. वर्षाने आईबापांना सांगितलं, गाइडची परीक्षा आहे, तिचा निकाल लागेपर्यंत त्यांना थांबवा. पास झाले तर मी इथं राहीन. नापास झाले तर तुम्ही म्हणाल तिथं जाईन, कुरकुर करणार नाही. पोरगी शब्दाची पक्की होती. ती खरंच गेली असती.

परीक्षा घ्यायला मुंबईहून एक साहेब आले. जर्मनसाठी परीक्षक म्हणून समितीवर कुणाला बसवायचं, तर सेलूकरांनाच. शंभर कोसांत दुसरं कोण होतं. गेली काही वर्षं ते परीक्षक होते आणि तो मान त्यांना फार प्रिय होता. तसं ते कधी म्हणाले नाहीत, पण परीक्षेच्या दिवशी त्यांच्या शर्टाला इस्त्री वेगळी असायची. वर्षाची पाळी आली तेव्हा सर उठून उभे राहिले, म्हणाले, ही माझी मुलगी आहे, मी बाहेर जातो. साहेब म्हणाले, "बसा. मला जर्मन येत नाही. ती बोलेल, तुम्ही प्रामाणिकपणे सांगा कसं बोलते ते. तुमच्या शब्दावर माझा विश्वास आहे."

मी तेव्हा बाहेर व्हरांड्यात होतो. वर्षा दहा मिनिटांत बाहेर आली आणि माझ्याशेजारी बाकावर बसली.

"काय झालं गं?"

"मी चांगलं बोलले, काका. कैलास लेणं सगळं सांगितलं. कुठं अडले नाही." मग म्हणाली, "साहेबांनी बाबांना विचारलं, कसं आहे? बाबा म्हणाले, जेमतेम."

"आणि?"

"साहेबांनी लिहून घेतलं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुपारी जेवायची सुट्टी झाली तसा मी सरांना कचेरीमागच्या कडुनिंबाखाली गाठलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"सर, काय केलंत हे?"

"अहो, मी जेमतेम म्हणालो," ते म्हणाले, "मग समोरच्याने म्हणायचं असतं, असं कसं, आम्ही आत्ता ऐकलं ना, किती छान बोलली. म्हणायचं असतं की नाही? ते म्हणालेच नाहीत. पुढच्याला बोलावलं."

"त्यांना जर्मन येत नाही, सर. ते कसं म्हणणार?"

"तरी. रीत म्हणून."

"ते मुंबईचे आहेत. त्यांना तुमची रीत काय माहीत?"

सर हळूच म्हणाले, "तुम्ही आत असता तर बरं झालं असतं." मला हसावं की या माणसाला गदागदा हलवावं ते कळेना. पोरीचा जन्म नांदेडला निघाला होता आणि हे टिमकीवाला गैरहजर होता म्हणून हळहळत होते. साहेब संध्याकाळी यादी घेऊन परत जाणार होते. मी सरांचा दंड धरला आणि त्यांना सरळ साहेबांच्या खोलीत नेलं.

साहेब कागद आवरत होते. माणूस वाईट नव्हता, कामाचा होता. मी सांगितलं, सरांना मुलीबद्दल बोलायचंय. साहेबांनी चष्मा काढला.

सर म्हणाले, "साहेब, सकाळी मी जरा कमी सांगितलं."

"किती कमी?"

सरांना हा प्रश्न अपेक्षित नव्हता. "म्हणजे... ती बरी बोलते."

"सेलूकर," साहेब म्हणाले, "बाप मुलीबद्दल दोन शब्द जास्तच सांगतो. तुम्हीच जेमतेम म्हणालात, तेव्हा मी धरलं की खरं त्याहूनही कमी असणार. यात माझं काय चुकलं?"

"आपलं काही चुकलं नाही. ती माझ्याइतकं बोलते. माझ्याहून चांगलं बोलते."

"बरं. आणि तुमचं कसं आहे? काल ओळख झाली तेव्हा मी तुमच्या जर्मनबद्दल ऐकलेलं कौतुक सांगितलं, तर तुम्ही म्हणालात, मोडकंतोडकं. मग मोडक्यातोडक्याहून चांगलं म्हणजे मी काय लिहू?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. सवयीने माझं तोंड उघडलं. साहेबांनी हात वर केला. "देशमुख, तुम्हाला जर्मन येतं?"

"नाही."

"मग तुम्ही थांबा. यांना बोलू द्या."

मी थांबलो. खोलीत पंख्याचा आवाज होता आणि बाहेर कुणीतरी बादली ओतत होतं. छातीवरचा हात सरांनी खाली घेतला, तो टेबलाच्या कडेवर ठेवला, आणि मग असं बोलले की एकेक शब्द त्यांना घशातून ओढून काढावा लागत होता.

"माझं जर्मन उत्तम आहे. सबंध मराठवाड्यात माझ्याइतकं जर्मन येणारा माणूस मी पाहिलेला नाही. पुण्या-मुंबईतही फार नसतील. आणि माझी मुलगी माझ्याहून चांगलं बोलते. ते मीच तिला शिकवलंय. सकाळी मी खोटं बोललो."

खोटं हा शब्द त्यांनी वापरला. त्यांच्या सगळ्या आयुष्याला त्यांनी तो लावला, असं मला वाटलं, आणि इतकी वर्षं त्यांच्यावर चिडत आलेला मी, मला त्यांच्याकडे बघवेना.

साहेबांनी चष्मा पुन्हा लावला. म्हणाले, "आता मला तुमचं सकाळचंही धरता येत नाही आणि आत्ताचंही. मी पुण्याहून दुसरा परीक्षक बोलावतो. तिची परीक्षा पुन्हा होईल. पण सेलूकर, तुम्ही स्वतःच्या मुलीची शिफारस केलीत, हे मला वर कळवावं लागेल. यापुढे तुम्हाला समितीवर ठेवता येणार नाही."

"बरोबर आहे," सर म्हणाले.

पुण्याच्या परीक्षकबाईंनी वर्षाला अर्धा तास बोलतं केलं आणि शेवटी विचारलं, जर्मनीत कुठं राहत होतीस? वर्षा पास झाली. नांदेडच्या लोकांना नकार गेला. इथपर्यंत सगळं चांगलं झालं.

गावात मात्र वेगळंच पसरलं. सेलूकरांनी साहेबाच्या खोलीत जाऊन पोरीला चिकटवलं. म्हाताऱ्याने स्वतःची भलतीच शेखी मिरवली म्हणे, म्हणून समितीवरून काढलं. ज्या पोरांना सरांनी भाषा शिकवली, तीच व्हरांड्यात हे बोलायची. मी दोनदा उठून भांडायला निघालो. खरं काय ते सांगितलं असतं तर पाच मिनिटांत सगळ्यांची तोंडं बंद झाली असती. सरांनी मला बाही धरून बसवलं.

"नका सांगू, देशमुख. शिफारस केलीच ना मी. शेखीही मिरवली."

"अहो पण सर..."

"बसा हो. चहा घ्या."

मी बसलो, पण इतका वैतागलो होतो की चहा घेतला नाही. जन्मभर दुसऱ्याच्या तोंडून स्तुती ऐकायला आसुसलेला माणूस, आणि आता ती खरोखर करायची वेळ आली तर हा मला गप्प करतो. पुढच्या परीक्षेच्या दिवशी दुसराच कुणीतरी येऊन समितीच्या खुर्चीवर बसला. सर त्या दिवशी साध्या शर्टात आले, व्हरांड्यात बसले, आणि आत कोण चाललंय ते बघत राहिले. याचं त्यांना दुःख झालं होतं. ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही, मला तर नाहीच.

शेवटचं त्यांना मी पाहिलं ते वेरूळलाच. काम सोडून त्यांना बरीच वर्षं झाली होती. हातात काठी आली होती, ऐकू कमी यायचं, तरी रविवारी ते एसटीने एकटेच यायचे आणि कैलास लेण्याच्या वरच्या बाजूच्या कठड्यावर बसायचे. वर्षा वीस-पंचवीस जर्मन पाहुण्यांना घेऊन अंगणात उभी होती. तिचा आवाज वरपर्यंत येत होता. मी माझ्या पाहुण्यांना पाणी पिऊ देत जरा मागे उभा होतो. सरांनी मला पाहिलं नाही.

त्यांच्याशेजारी पिशोरकडचा एक शेतकरी बायकोला घेऊन टेकला होता. घृष्णेश्वराचं दर्शन करून आलेले, कपाळाला गंध. तो बराच वेळ वर्षाकडे बघत होता.

"ही कंची भाषा म्हणायची वो?" त्याने विचारलं.

"जर्मन."

"तुमाला समजतं व्हय?"

"समजतं," सर म्हणाले. "माझीच मुलगी आहे ती."

शेतकऱ्याने बायकोला कोपराने ढोसलं. "आगं, ह्यांची लेक हाय ती." मग दोघांनी पुन्हा खाली बघितलं. वर्षा काहीतरी सांगत होती आणि सगळे पाहुणे एकदम हसले. "लई चांगलं बोलती की वो," तो म्हणाला.

माझ्या तोंडात सवयीने शब्द आलेच होते. मी एक पाऊल पुढेही टाकलं होतं.

सर काठीवर दोन्ही हात ठेवून खाली बघत होते. म्हणाले, "बोलतेच."